फायनलच्या दिवशीची ग्रामसभा

जुलैमध्ये आमच्या पेणच्या कॉलेजात एक वादविवाद झाला. फुटबॉल संघाच्या मॅनेजरची राजकीय मतं चाहत्यांनी मनावर घ्यावीत का, असा विषय होता. परदेशातल्या कुठल्याशा क्लबच्या मॅनेजरने निवडणुकीच्या दिवसांत काहीतरी बोलून ठेवलं होतं. आमच्या वर्गात त्या क्लबची जर्सी घालून येणारी चार-पाच मुलं त्यावरून आठवडाभर भांडत होती. एकाने तर जर्सी घालणं बंद केलं होतं. शेवटी मराठीच्या मॅडम म्हणाल्या, भांडायचंच आहे तर सगळ्यांसमोर उभं राहून, नीट भांडा.

मी वर्गात सहसा बोलत नाही. आमच्या घरातून कॉलेजला आलेली मी पहिलीच. दोन वर्षं झाली, तरी तोंड उघडलं की वाडीवरचं बोलणं बाहेर येईल अशी धास्ती असते. पण विषय फुटबॉलचा होता आणि हात आपोआप वर गेला. मी म्हटलं की अजिबात मनावर घेऊ नयेत. आमच्याकडे एक टीम आहे, तिचे मॅनेजर आहेत, त्यांची मतं आमच्या वाडीच्या विरोधातली आहेत, हे सगळ्यांना माहीत आहे. तरी आमची मुलं त्यांच्याकडे खेळतात आणि आम्ही टाळ्या वाजवतो. मैदान वेगळं, मत वेगळं. एवढं बोलून मी बसले. टाळ्या पडल्या. जर्सी सोडलेला मुलगा मात्र म्हणाला, "तुमच्या विरोधात म्हणजे नेमकं काय मत आहे त्यांचं?" मी म्हटलं, "आमची घरं उठवावीत असं." यावर वर्गात कुणीच काही बोललं नाही. तेव्हा मला वाटलं, माझा मुद्दा त्यांना फारच पटला.

आमची वाडी रोह्याच्या बाहेर, नदीच्या काठाला आहे. आम्ही कातकरी. आजोबांच्या आजोबांपासून तिथेच राहतो असं सगळे सांगतात, पण घराखालची जमीन कुणाच्याच नावावर नाही. घरठाण नावावर करून मिळावं म्हणून वाडीने पंचायतीत अर्ज दिलेला आहे. तो अर्ज ग्रामसभेपुढे यायचा आहे, असं मी शाळेत असल्यापासून ऐकते.

मॅनेजर मोठ्या गावातले, जिथे आमची पंचायत आहे. डोलवीकडे कंपनीत कंत्राटावर सुपरवायझर आहेत. स्पर्धेच्या फॉर्मवर 'टीम मॅनेजर' अशा रकान्यापुढे त्यांचं नाव लिहिलेलं असतं, म्हणून सगळी वाडी त्यांना मॅनेजरच म्हणते. खरं तर तेच प्रशिक्षक, तेच टीमचे डॉक्टर आणि बूट शिवून आणणारेही तेच. नाइट शिफ्ट करून सकाळी थेट मैदानावर यायचे, डोळे लाल, हातात केळ्यांची पिशवी. गावातली मुलं आणि वाडीवरची मुलं एकाच टीममध्ये खेळवणारा आमच्याकडचा तो पहिला माणूस. माझा मोठा भाऊ आठवीत शाळा सोडून मासे धरत फिरायचा. मॅनेजरनी त्याला नदीत जाळं टाकताना पाहिलं आणि म्हणाले, "हे हात मला दे." तेव्हापासून दादा गोलकीपर.

माझ्यावरही त्यांचे उपकार आहेत. जातीच्या दाखल्यासाठी मी आणि आई तीन वेळा हात हलवत परत आलो होतो. चौथ्या वेळी मॅनेजर आमच्याबरोबर आले, खिडकीशी उभे राहिले, आणि दाखला घेऊनच हलले. त्याशिवाय माझं कॉलेज झालं नसतं. हे मी आधीच लिहून ठेवते, कारण पुढचं वाचताना ते विसरायला होईल.

त्यांचं मत त्यांनी कधी लपवलं नाही. पंचायतीच्या निवडणुकीत ते देवळापुढच्या सभेत बोलले, ते लाऊडस्पीकरवर आम्हाला चुलीपाशी ऐकू येत होतं. नदीकाठ मोकळा झाला पाहिजे. तिथे घाट झाला पाहिजे, दिवे लागले पाहिजेत. काठावरची वस्ती वर, दगडखाणीच्या बाजूला गेली पाहिजे, त्यातच तिचंही भलं आहे, दर पावसात पाणी घरात शिरतं ते थांबेल. मोबाइलच्या स्टेटसवरही त्यांनी नदीचा फोटो लावून तेच लिहिलं होतं. त्यांचं पॅनल निवडून आलं.

त्या सभेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ते नेहमीसारखे केळी घेऊन पोरांना बोलवायला वाडीवर आले होते. शेजारची काकी नदीवरून भांडी घासून येत होती. ती थांबली.

"काय मॅनेजर, काल आमची घरं उठवलीत नि आज आमचीच पोरं खेळवताय?"

"काकी, ते राजकारण. हे मैदान. मैदानात राजकारण नाय."

"आणि आमचं घर कुठं येतंय? मैदानात का राजकारणात?"

सगळे हसले. मॅनेजर सगळ्यांत मोठ्याने हसले. काकी पण हसली आणि भांडी घेऊन गेली. मीही हसले होते.

पंधरा ऑगस्टला झेंडावंदनानंतर ग्रामसभा असते. आमच्याकडे ती बहुतेक वेळा होत नाही. पुरेशी माणसं जमत नाहीत, मग ग्रामसेवक तहकूब म्हणून लिहितो आणि सगळे चहा घेऊन घरी जातात. तहकूब झालेली सभा नंतर कधीतरी परत घेतात. त्या सभेला किती माणसं हवीत याचं बंधन नसतं, आले तेवढे पुरतात. हे मला आता माहीत आहे. तेव्हा वाडीत हे कुणालाच माहीत नव्हतं. आमच्या लेखी तहकूब सभा म्हणजे संपलेली सभा. तिला आमच्याकडून कधी कुणी गेलेलंच नव्हतं.

वादविवादानंतर महिन्याभराने पंधरा ऑगस्टची सभा अशीच तहकूब झाली. मला त्याचं काहीच वाटलं नाही, कारण त्याच आठवड्यात आमची टीम पेणच्या स्पर्धेत सेमीफायनलला पोचली होती. सेमीफायनल आणि फायनल एकाच रविवारी होती. सकाळी एक, दुपारी एक. पावसातली स्पर्धा, मैदानात घोट्यापर्यंत चिखल.

बुधवारी सकाळी कॉलेजसाठी स्टेशनवर जाताना मी पंचायतीच्या फळ्यावरची नोटीस पाहिली. वाडीतल्या नोटिसा वाचायचं काम माझंच असतं. गाडीची वेळ झाली होती, म्हणून मोबाइलवर फोटो काढून घेतला. निडी स्टेशनात गाडी क्रॉसिंगसाठी थांबली, तेव्हा तो मोठा करून वाचला. तहकूब ग्रामसभा, रविवार, सकाळी अकरा. विषय सहा होते. चौथा होता, नदीकाठ सुशोभीकरण व त्या अनुषंगाने काठावरील अतिक्रमणाबाबत निर्णय घेणे. पाचवा आमच्या घरठाणाच्या अर्जाचा.

मी ते दोनदा वाचलं. खिडकीबाहेर भाताच्या खाचरांत पाणी तुंबलं होतं आणि गाडी हलत नव्हती. पण चौथा विषय दरवर्षी असायचा, पाचवा तर त्याहून जुना. गाडी सुटल्यावर मी फोन पिशवीत टाकला.

संध्याकाळी आईला सांगितलं, "रविवारी सभा हाय, तहकूब झालेली."

आई सुकटीतले खडे काढत होती. "तिला कोण जातं गो? चार मेंबर बसतात नि उठतात."

"विषयात नदीकाठ हाय."

"कधी नव्हता?"

मी तरीही मॅनेजरना फोन केला. मला खात्री करून घ्यायची होती, की नको होती, ते सांगता येत नाही. मी म्हटलं, "सर, रविवारी ग्रामसभा पण आहे ना?"

मागे कंपनीतला आवाज येत होता, काहीतरी मोठं घरघरत होतं. ते म्हणाले, "असू दे. सभा होतच असतात. आपली टीम सेमीफायनलला रोज जाते का?" आणि लगेच पुढे, "यंदा दोन टेम्पो पाठवतो वाडीवर. सगळ्यांना घेऊन ये. म्हातारी माणसंपण. पोरांना ओरडणारं कुणी पाहिजे. यादी तू कर, कॉलेजवाली."

याआधी मॅचला वाडीसाठी कधी टेम्पो आला नव्हता. खेळाडूंचा एक असायचा, बाकीचे ज्याचा तो यायचा. मी यादी केली. वहीचं पान घेऊन घरोघर गेले, कोण पहिल्या टेम्पोत, कोण दुसऱ्यात. चालता न येणाऱ्या एका म्हाताऱ्या बाबांना ड्रायव्हरशेजारची जागा ठेवली. कामाला हात लागला की मी फार नीट करते. एकही घर सोडलं नाही.

रविवारी साडेआठला टेम्पो आले. ड्रायव्हर मोठ्या गावातले होते, मोजून माणसं बसवत होते. "अजून कोण राहिलं?" असं एकाने मला तीनदा विचारलं. मला वाटलं, काळजीने विचारतोय. वाडीत मागे राहिली फक्त आठ दिवसांची एक बाळंतीण आणि तिची सासू. बाकी सगळी कुत्री होती, ती टेम्पोमागे पुलापर्यंत धावत आली.

त्या दिवसाबद्दल खोटं लिहिता येणार नाही. तो माझ्या आयुष्यातला सगळ्यांत आनंदाचा दिवस होता. सेमीफायनल आम्ही सहज जिंकलो. फायनलला जिते गावाकडची टीम होती, तगडी मुलं, पायात चांगले बूट. आमच्या काकीने छत्री उघडी धरून पूर्ण मॅच रेफरीला शिव्या घातल्या. "आरं त्याचा पाय बघ, तोंड काय बघतोस! लगीन लावायचंय का त्याच्याशी?" पेणची माणसं मॅच सोडून तिच्याकडे बघत होती. बरोबरी झाली आणि पेनल्टीवर गेलं. दादाने दोन अडवल्या. दुसरी अडवून तो चिखलात पालथा पडला आणि उठेना. मॅनेजर धावत गेले, त्याला उचलून घेतलं आणि भर मैदानात रडले. ते रडणं खरं होतं. मी अगदी जवळ होते. वाडीची साठ-सत्तर माणसं त्यांच्या नावाने ओरडत होती. मीही ओरडत होते.

सोमवारी स्टेशनवर जाताना पंचायत उघडी होती. ग्रामसेवक ओट्यावर दात कोरत बसले होते. मी काहीच विचारलं नव्हतं. तेच म्हणाले, "अभिनंदन हो. पेपरात फोटो येणार म्हणे."

"सर, काल सभा झाली?"

"झाली ना. पाऊण तासात उरकली."

"चौथा विषय?"

"मंजूर. काठ मोकळा करायचा. पहिल्यांदा घरांची मोजणी, मग पुढचं."

"आणि पाचवा?"

"चौथा मंजूर झाल्यावर पाचव्याला काय अर्थ राहतो?" त्यांनी काडी टाकली. "एकमताने झालं सगळं. विरोधात कोण नव्हतंच."

मी विचारलं, किती माणसं होती. ते म्हणाले, तेवीस. मी तिथे उभी राहिले आणि माझी गाडी गेली. तेवीस. माझ्या यादीत एकसष्ट मोठी माणसं होती, सगळी मतदार. ते पान अजून माझ्या वहीत होतं, प्रत्येक नावापुढे टिक केलेली.

वाडीत सांगितल्यावर आधी कुणी विश्वासच ठेवला नाही. मला कुणी काही बोललं नाही, ते जास्त वाईट होतं. फक्त काकी म्हणाली, "तू वाचलं होतंस ना गो?" मी व्हय म्हटलं. ती घरात गेली.

संध्याकाळी मी मैदानावर गेले. मुलं नव्हती, मॅनेजर एकटेच गोलपोस्टची जाळी सोडवत होते. मी ठरवून गेले होते की मोठ्याने बोलायचं, पण बोलले ते हळूच.

"सर, तुम्हाला माहीत होतं."

त्यांनी जाळी खाली ठेवली. "काय?"

"रविवारी काय होणार ते."

"विषय नोटिशीत होता. तू वाचलास, मी वाचला. फायनलची तारीख मी ठरवली का? पेणवाल्यांनी ठरवली."

"टेम्पो कुणी दिले?"

त्यांनी जाळी परत उचलली. "पॅनलने दिले. टीमला मदत म्हणून."

"तुम्ही म्हणालात, सभा होतच असतात."

"मग खोटं बोललो का?" आवाज चढला नव्हता, उलट खाली आला होता. "पोरी, एक सांग. मी तुमच्यापासून काय लपवलं? भर सभेत बोललो. स्टेटस ठेवला. तुमच्या दारात उभा राहून काकीला उत्तर दिलं. माझं मत हेच हाय, पुढंही हेच राहणार. काठावर राहून तुमची पोरं एक दिवस वाहून जातील. मी दादाला बुडू देणार नाय. तू मला चोर समजतेस?"

ते खरं बोलत होते, तीच तर अडचण होती. कॉलेजात मी म्हटलं होतं की मॅनेजरचं मत चाहत्यांनी मनावर घेऊ नये. ते मत उद्या कृतीत आलं तर काय, याचा मी विचारच केला नव्हता. आम्ही त्यांचं मत ऐकलं होतं, त्यावर हसलो होतो, आणि हसल्यामुळे ते निकामी झालं असं धरून चाललो होतो. त्यांनी मात्र ते मत एक दिवसही खाली ठेवलं नव्हतं. केळी वाटताना नाही, माझा दाखला काढतानाही नाही.

मराठीच्या मॅडमनी मला हरकतीचा अर्ज कसा लिहायचा ते सांगितलं. वरच्या, तालुक्याच्या कार्यालयात तो द्यायचा, वाडीतल्या सगळ्या घरांच्या सह्या किंवा अंगठे घेऊन. मी परत घरोघर गेले, नोटीस वाचली तेव्हा करायला हवी होती ती घाई आता करत. पहिल्या खेपेला जितकी दारं हसत उघडली होती, तितकी या खेपेला उघडली नाहीत. एका घरातला मुलगा टीममध्ये मधल्या फळीत खेळतो. त्याचा बाप म्हणाला, "मॅनेजरच्या विरोधात अंगठा? पोराला काढतील टीममधनं." मी म्हटलं, "हा मॅनेजरच्या विरोधात नाय, ठरावाच्या विरोधात हाय." तो म्हणाला, "तुला दोन वेगळे दिसतात. मला नाय दिसत." त्याने अंगठा दिला नाही.

काकीने दिला. जोरात दाबून दिला, शाई पुढच्या दोन नावांवर पसरली.

दादा म्हणाला, नंतर करतो. मी दोन वेळा कागद त्याच्यापुढे ठेवला. दोन्ही वेळा तो बूट साफ करत होता. शेवटी मी त्याच्याशिवाय अर्ज नेऊन दिला. पोचपावती मिळाली, शिक्का बसला. पुढे काही कळवलं गेलं नाही.

दिवाळी झाली की वाडी रिकामी होते. वीटभट्टीचे ट्रक येतात आणि माणसं बायकामुलं, कोंबड्या, भांडी घेऊन कासू-पेणकडे, काही पार पनवेलच्या पुढे जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. मी सगळ्यांना सांगत होते की यंदा प्रत्येक घरात एक तरी माणूस ठेवा, मोजणी होणार आहे. त्यांना ते पटत होतं. पण भट्टीवर जोडीने काम असतं, एकाने मागे राहून चालत नाही. आई जाताना म्हणाली, "तू हायस ना. आणि दादा हाय." मला परीक्षा होती. दादाला मॅनेजरनी डिसेंबरच्या स्पर्धेसाठी थांबवून घेतलं होतं. काकीही गेली. दारांना कड्या लागल्या. काही दारांना कडी नव्हती, तिथे काथ्याने बांधलं होतं.

ट्रक गेल्यावर नवव्या दिवशी, सकाळी दहाच्या सुमाराला, ते आले. ग्रामसेवक, दोन मेंबर आणि मॅनेजर. मॅनेजरच्या हातात लांब टेप होती, गुंडाळलेली. शिफ्टवरून आले असावेत, डोळे लाल होते.

"दादा कुठाय?" त्यांनी मला विचारलं. पूर्वीसारखंच, आपुलकीने.

दादा बाहेर आला.

"गुडघा कसा हाय?"

"बरा हाय."

"रविवारी रोह्यात मॅच हाय, शेकत जा." मग टेपचं टोक त्याच्यापुढे केलं. "हे धर जरा. भिंतीला लाव. काठापासनं घर किती लांब, तेवढंच बघायचंय."

मी आतून पोचपावती घेऊन आले आणि ग्रामसेवकांना दाखवली. म्हटलं, आमचा अर्ज अजून वर आहे, त्याचं उत्तर आलेलं नाही. त्यांनी ती वाचली, घडी घालून मला परत दिली. "असू दे ना. आम्ही काय पाडतोय? मोजतोय फक्त." मी दादाकडे वळले. "धरू नको," मी म्हटलं. सगळ्यांसमोर मी पहिल्यांदाच इतक्या मोठ्याने बोलले.

दादाने माझ्याकडे पाहिलं नाही. तो मॅनेजरकडेही बघत नव्हता. टेपचं ते पितळी टोक बघत होता. मैदानात ते म्हणतील तिथे उभं राहायची त्याला सहा वर्षांची सवय. त्याने टोक घेतलं आणि आमच्या कुडाच्या भिंतीला टेकवलं.

मॅनेजर मागे मागे चालत नदीकडे गेले. टेप ताणली गेली. काठावर उभं राहून त्यांनी आकडा सांगितला, मेंबरने तो वहीत लिहिला, ग्रामसेवकांनी आमच्या दारावर खडूने एक नंबर काढला.

"पुढचं घर," मॅनेजर तिकडून म्हणाले.

पुढचं घर काकीचं. त्याच्या दाराला काथ्या बांधलेला होता. दादा टेपचं टोक हातात धरून तिकडे चालू लागला.